पालशेतकरांच्या मुद्दाम चुका

सहदेव पालशेतकरांकडून एखादी गोष्ट पास करून घेणं म्हणजे डोंबिवलीत गाडीला सावलीतली जागा मिळण्याइतकं अवघड. मानपाड्याच्या एमआयडीसीत ते क्वालिटी इन्स्पेक्टर होते. केसभर जास्त घासला गेलेला पार्ट सापडला की त्यावर लाल ठिपका द्यायचा आणि बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर पार्ट संपले, ठिपके काही संपले नाहीत. भाजीवाल्याचे टोमॅटो, इस्त्रीवाल्याच्या घड्या, सोसायटीच्या गणपतीतल्या आरतीचे उच्चार, सगळ्यांना ठिपके. बायकोला, सुमतीकाकूंना, कोणी विचारलंच की तुम्हाला बरं पास केलं यांनी, तर त्या शांतपणे सांगायच्या, "बघायला आले तेव्हा चष्मा घरी विसरले होते."

ज्या एका व्यक्तीवर त्यांनी कधी ठिपका ठेवला नाही, ती म्हणजे नात, ऋजुता. वय वर्षं नऊ, मुक्काम शारजा. मुलगी योगिनी आणि जावई तिकडेच नोकरीला. संध्याकाळी व्हिडिओ कॉल लागायचा आणि पालशेतकर त्यासाठी दाढी करून, केसांना तेल लावून सोफ्यावर बसायचे. पण पोरगी मोठी होत गेली तसा कॉल बारका होत गेला. आधी चित्रं दाखवायची, नाच करून दाखवायची. आता "हाय आजोबा, जेवलात? ओके, बाय." स्क्रीनवर मग नुसता पंखा दिसायचा. असंच चाललं तर वर्षभराने ही आपल्याला फक्त वाढदिवसाला ओळखेल, ही धास्ती पालशेतकरांनी घेतली. बोलायचं तरी काय त्या पोरीशी?

विषय योगिनीनेच नकळत पुरवला. "बाबा, तिला शाळेत अरबी आहे ना, त्याचं फार टेन्शन घेते ती. आम्हा दोघांना ओ की ठो येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून पालशेतकरांनी मोबाईलवर अरबीचे धडे लावले. हे लिखाण उजवीकडून सुरू होतं, म्हणून वही मागून उघडली. अक्षरं बसली, मग गाडी आली 'माझं-तुझं'वर. अरबीत या कामाला सुटा शब्द नाही, वस्तूच्या नावालाच शेपूट लावायचं. किताब म्हणजे पुस्तक. किताबी, माझं पुस्तक. समोर मुलगा असला तर किताबुका, मुलगी असली तर किताबुकी. त्याचं किताबुहू, तिचं किताबुहा. हे त्यांनी पाठ केलं ते आपल्या पावकी-निमकीच्या चालीवर, मागेपुढे डुलत, गच्चीवर फेऱ्या मारत. बिल्डिंगला वाटलं, काकांनी कुठल्या तरी बाबांचा मंत्र घेतला. मग बातमी फुटली की मंत्र नव्हे, अरबी आहे. लगेच तिसऱ्या मजल्यावर ठरलं की पालशेतकर फ्लॅट विकून कायमचे गल्फला चालले. गिऱ्हाईकसुद्धा सुचवून झालं.

पालशेतकरांनी त्या गिऱ्हाइकाला हाकललं आणि सराव चालू ठेवला. सेक्रेटरी परशुराम आपली गाडी नेहमी पालशेतकरांच्या जागेवर लावतो, हे भांडण जुनं. त्या दिवशी काका खाली गेले, गाडीकडे बोट करून म्हणाले, "सय्यारतुका." मग जमिनीकडे बोट करून, "मकानी."

"काय शिवी दिलीत का काका?" परशुरामने विचारलं.

"तुझी गाडी, माझी जागा. काढ."

परशुरामने गाडी काढली. मराठीत सांगून जे दोन वर्षांत झालं नव्हतं, ते झालं. अर्थात दुसऱ्या दिवशी गाडी परत तिथेच होती.

पार्किंगचा हा किस्सा ऐकून शारजालाही पहिले काही दिवस मजा आली. "आजोबांना अरबी येतं?" म्हणत ऋजुता पळत फोनवर यायची. पण मग पालशेतकरांमधला इन्स्पेक्टर जागा झाला. तिने "कलमुहू" म्हटलं की इकडून लगेच, "अंहं. मुलीचं पेन आहे. परत." उच्चार घशातून नाही आला, परत. शाळेत जायच्या आधी ऐकायला व्हॉइस मेसेज पाठवायचे. एकदा तर तिच्या वहीचा फोटो मागवून त्यावर लाल गोल करून परत पाठवला. जिला कधी ठिपका दिला नाही, तिला आता गोवर आल्यासारखे ठिपके.

ऋजुता फोनवर येईनाशी झाली. अभ्यास आहे, खेळायला गेलीय, झोपलीय. शेवटी योगिनीने सांगून टाकलं, "बाबा, तुमचा कॉल दिसला की ती बाथरूममध्ये जाऊन बसते."

पालशेतकर त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे भात जेवले, पण आमटीत मीठ कमी होतं ते बोलले नाहीत. सुमतीकाकूंना एवढं पुरेसं होतं.

"अहो, दिवसभर तिकडे शाळा, घरी आल्यावर इकडे तुम्ही. तुम्ही तिच्याकडे शिकायला जा."

"पण मला येतंय ते."

"मग चुका."

"मुद्दाम?"

"नाही तर काय. तिला पण कोणाला तरी रागवू दे की."

उभ्या नोकरीत दुसऱ्याचा खराब माल पकडणाऱ्या माणसाला आता स्वतः खराब माल काढायचा होता. पालशेतकर आरशासमोर चुकायचा सराव करू लागले. चूक खरी वाटली पाहिजे, फार ढोबळ नको, फार बारीकही नको. सुमतीकाकू कांदा चिरता चिरता निकाल द्यायच्या, "ही खोटी वाटते. जरा घाबरून बोला."

मग त्यांनी योगिनीला निरोप दिला की आजोबा अडलेत, ऋजुताला म्हणावं मदत कर. ऋजुता आली, पण दाराला टेकून, पळायच्या तयारीत.

"ऋजुता, तुझं पेन म्हणजे... कलमुका ना गं?"

पोरीच्या भुवया वर गेल्या. "आजोबा, मी मुलगी आहे. कलमुकी. परत." दार सुटलं, ती येऊन फोनसमोर बसली. "घशातून. परत."

त्या दिवसापासून कॉल लांबत गेला. पेनाचं कलमुका, घराचं बैतुका, पुस्तकाचं किताबुका, पालशेतकर रोज चुकायचे आणि रोज बोलणी खायचे. बोलणी खाताना चेहरा असा, जणू बासुंदी खातायत.

एकदा त्यांनी नेहमीसारखं "कलमुका" म्हटलं. ऋजुताने डोळे बारीक केले. मग म्हणाली, "आजोबा, तुम्ही मुद्दाम चुकता."

"छे गं."

"खरंच चुकणारा रोज वेगवेगळं चुकतो. तुमचं रोज सेम. आमच्या वर्गात बघा येऊन."

आतून सुमतीकाकूंचं हसू ऐकू आलं. इन्स्पेक्टरचा माल पकडला गेला होता.

"कधी कळलं तुला?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही फोन ठेवून दिला असता ना."

पालशेतकरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मग आता उद्यापासून आपण बोलायचं काय?" हे त्यांनी इतक्या हळू विचारलं की सुमतीकाकूंचं हसणं थांबलं.

"तुमच्या पार्किंगचं सांगा ना. तो अंकल अजून लावतो का गाडी? पण अरबीत सांगायचं."

"सगळं?"

"सगळं. मुद्दाम चुकलात तर रिजेक्ट."

पालशेतकरांनी सुरुवात केली. सय्यारतुहू, त्याची गाडी. मकानी, माझी जागा. इथवरच अरबी पुरलं. पुढे परशुरामचा उद्धटपणा, सोसायटीची मीटिंग, सगळं बाकी होतं आणि क्रियापदाचा धडा अजून सुरूही झाला नव्हता. हातवारे करत, शेपटं भलत्याच शब्दांना लावत ते घाम पुसत राहिले. पलीकडे पोरगी पोट धरून हसत होती आणि मधूनच ओरडत होती, "ही चूक खरी आहे, आजोबा. पास."

इकडे पोळ्या गार झाल्या. सुमतीकाकूंनी त्या झाकून ठेवल्या आणि परशुरामची बाजू मांडायला त्याही सोफ्यावर जाऊन बसल्या.