गावासाठी पाच दाबा

माझा आवाज मीटिंगच्या टेबलावरच्या स्पीकरमधून येत होता आणि आठ माणसं हसत होती. मी दाराशी उभी होते. हातात चहाचा ट्रे. चहा देणं माझं काम नव्हतं, मी रिसेप्शनला होते. पण आमच्या मॅनेजर मॅडम म्हणाल्या होत्या, येतेच आहेस तर चहा घेऊन ये.

स्पीकरमधली मी सांगत होते, "जेवनाच्या चौकशीसाठी दोन दाबा. पोहन्याच्या तलावाच्या वेळांसाठी तीन दाबा."

"जेवन!" मालकांचे एक मित्र म्हणाले. "परत लावा हो, परत लावा."

परत लावलं. परत हसले. एकाने तर डोळे पुसले. मग मालक म्हणाले, "लिहिलंय छान. पण आवाज? पुण्याचा माणूस दोन दिवस निवांत पडायला फोन करतोय. त्याला मंडईत आल्यासारखं वाटेल." मॅडम हसल्या नाहीत असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी तोंडावर रुमाल धरला होता.

मी चहा दिला. आठही जणांना. एक थेंबही सांडू दिला नाही, आणि याचाच मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

रिसॉर्ट आमच्या रिहे खोऱ्यातच. पौडहून आत वळलं की अर्ध्या तासावर. तीन वर्षं तिथला फोन मी उचलत होते. शुक्रवारी सकाळपासून जो वाजायला लागायचा, तो रविवारी दुपारपर्यंत थांबायचा नाही. रस्ता कुठून आहे, स्विमिंग पूल किती खोल आहे, कुत्रा आणला तर चालेल का, जैन जेवण मिळेल का. मॅडमनी ठरवलं की आता ऑटोमॅटिक रिसेप्शन घ्यायचं. यंत्रच फोन उचलेल, यंत्रच नमस्कार म्हणेल. कुणाला काय हवंय ते बटणं दाबून घेईल.

यंत्र विकणाऱ्या कंपनीने नमुन्याचं ग्रीटिंग पाठवलं होतं. वाचायला दीड मिनिट. निसर्गाच्या कुशीत वसलेल्या आमच्या या रम्य परिवारात आपले सहर्ष स्वागत, वगैरे. मी मॅडमना म्हटलं, एवढं ऐकेपर्यंत माणूस फोन ठेवेल. त्या म्हणाल्या, "मग तू लिही, बाळ."

मी लिहिलं. आठवडाभर घरी वही घेऊन बसले. लोक आधी काय विचारतात ते आधी घातलं. "दोन दाबा, जेवणासाठी" असं नाही, "जेवणासाठी दोन दाबा" असं, कारण आकडा आधी सांगितला तर काम ऐकेपर्यंत माणूस आकडा विसरतो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. तीन वर्षं लोकांचं "काय म्हणालात? परत सांगा" ऐकून ते कळलं होतं. सगळं अर्ध्या मिनिटात बसवलं. शेवटी एक ओळ माझ्या मनाने घातली: गावातल्या लोकांसाठी पाच दाबा.

तिचं कारण असं. रिसॉर्टचा पूल दर सोमवारी धुतात. ते औषधाचं पाणी पाइपातून मागच्या बाजूला सोडतात. पाइपाचं तोंड माझ्या चुलतीच्या भातखाचराच्या बांधावर. शिवाय पाहुण्यांच्या गाड्या बैलगाडीच्या वाटेवर लावलेल्या, गाणी मोठ्याने लावलेली. गावातला कुणी ना कुणी फाटकावर यायचा. वॉचमन मला बोलवायचा. मी ऐकून घ्यायचे, आत जाऊन सांगायचे, कधी काम व्हायचं, कधी नाही. मला वाटलं, गावालाही एक आकडा असावा. आपलं माणूस तिथे आहे, तर आपल्या माणसांची सोय आपण बघायची.

मीटिंगमध्ये मालकांनी ती ओळ वाचली आणि म्हणाले, "हे उत्तम आहे. फाटकावरची गर्दी तरी जाईल. आणि इथे मात्र हिचाच आवाज ठेवा. जेवन." पुन्हा हशा.

बाकी सगळ्या आकड्यांना कोथरूडची एक मुलगी आवाज देऊन गेली. शब्द माझे, अक्षरन् अक्षर माझे, आवाज तिचा. मला पाच नंबर मिळाला.

मीटिंग संपताच मॅडमनी मला बाजूला घेतलं होतं. पाठीवरून हात फिरवला. "वाईट वाटून घेऊ नको. गावातले लोक तुझ्यावर विश्वास ठेवतात, माझ्यावर नाही. हे काम फक्त तूच करू शकतेस." आणि मी हुरळून गेले. हे लिहिताना आजही लाज वाटते. अपमान दहा मिनिटांपूर्वीचा होता, तो मी बक्षीस म्हणून घरी घेऊन गेले. आईला सांगितलं, रिसॉर्टच्या फोनवर माझा आवाज लागणार.

पाच नंबरची चाचणी मी चुलतीवरच घेतली. तिला आम्ही काकी म्हणतो. वडील गेले तेव्हा मी चौथीत होते, त्यानंतर मला वाढवण्यात आईइतकाच तिचा हात. तिने फोन लावला, पाच दाबला, माझं "नमस्कार, आपला निरोप सांगा" ऐकलं. दोन वाक्यं बोलली आणि गप्प झाली. मग फोनकडे बघून म्हणाली, "आगं, हाय का कुनी? व्हय न्हाई काईच म्हनंना."

आमच्याकडे कुणी बोलत असलं की ऐकणाऱ्याने मधेमधे "व्हय" म्हणायचं असतं. नाही म्हटलं तर समोरचा थांबतो. त्याला वाटतं, हा ऐकत नाही, किंवा माझ्यावर रुसलाय. शहरातली माणसं यंत्राशी एका दमात बोलतात. आमच्या माणसांना तसं बोलता येत नाही.

मग मी ते नव्याने लिहिलं आणि नव्याने बोलले. "बोला, मी रिह्याचीच हाय. काय झालं?" मग थोडा वेळ शांतता. मग "व्हय." मग शांतता. "व्हय व्हय." आणखी शांतता. शेवटी, "बरं. ऐकलं म्या. वर सांगते." काकीने पुन्हा फोन लावला आणि सगळं बोलली, अगदी म्हशीच्या आजारापर्यंत. यंत्रातल्या मी योग्य जागी व्हय म्हटलं. आम्ही दोघी हसून हसून दमलो. मॅडमना ऐकवलं तर त्यांनी टाळी वाजवली.

मी विचारलं, "निरोप माझ्याकडे येणार ना? मी रोज सकाळी ऐकून वहीत लिहीन."

"ते थेट मेंटेनन्सकडे जातील. तू आता पाहुण्यांचं बघ."

मी घरोघरी जाऊन सांगितलं. फाटकावर उन्हात उभं राहू नका. पाच दाबा. मी हाय.

लोकांनी फाटकावर येणं सोडलं. मला वाटलं, कामं होतायत. कुणाची तक्रार नाही, म्हणजे सगळं सुरळीत आहे. मी पाहुण्यांना किल्ल्या देत होते, त्यांच्या कुत्र्यांना पाणी ठेवत होते, आणि मनात म्हणत होते की आपण काहीतरी चांगलं केलं.

जुलै लागला. आवणीचे दिवस. सगळ्यांच्या खाचरांत भाताचं रोप लावायला आलेलं. पिठाच्या गिरणीत काकी दिसली. मी हाक मारली. तिने डबा उचलला आणि तोंड फिरवून चालायला लागली. मी मागे गेले. हात धरला तर झटकला.

"काकी, काय झालं?"

"पाच येळा फोन केला म्या. पाचीबी येळा तू व्हय म्हनलीस."

"काय म्हणत होतीस तू फोनवर?"

"म्हंजे तू ऐकलंबी न्हाई?" तिने डबा खाली ठेवला. "रोप जळालं माजं. निम्मं रोप. त्या पाइपाच्या पान्यानं. मी सांगत व्हते, पोरी, पानी येतंय, पिवळं पडाय लागलंय, कुनाला तरी धाड. तू म्हनायचीस व्हय. म्या फाटकावर गेले न्हाई. म्हनलं, आपली पोरगी सांगतीया की ऐकलं म्हनून."

मी खाचराकडे गेले. पाइपाच्या तोंडापासून पंखा उघडावा तसं रोप करपलं होतं. वरच्या अंगाचं निम्मं तेवढं हिरवं होतं. मी बांधावर बसून राहिले. रडले नाही. काय घडलंय तेच अजून मला पुरतं कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टीम बघायला येणारा माणूस आला. हिंजवडीत नोकरी करतो, मूळचा बीडकडचा. मी त्याला म्हटलं, पाच नंबरचे निरोप मला ऐकव. त्याने स्क्रीन उघडली. बोट ठेवून दाखवलं. एक बुकिंगला, दोन किचनला, तीन आणि चार रिसेप्शनला. पाचपासून एक रेघ माझ्या ग्रीटिंगपर्यंत जात होती आणि तिथेच संपत होती.

"मेसेज कुठे साठतात?"

"साठत नाहीत. रेकॉर्डिंग जोडलेलंच नाही. तुमचं बोलणं संपलं की फोन कट."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. मॅडमनीच तसं सांगितलं होतं." मग माझा चेहरा बघून तो हळूच म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहीत आहे. ते 'व्हय व्हय' तुम्हीच घातलंत ना?"

मीच घातलं होतं. माझ्या माणसांना बोलतं ठेवायची युक्ती मीच शोधली होती, मीच ती नीट बसवली होती. त्यांनी फक्त तार तोडली. माझ्याच तोंडाने त्यांनी माझ्या गावाचा केसाने गळा कापला, आणि मी खाली बसून पाहुण्यांना वेलकम ड्रिंक देत होते.

मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले. दार न वाजवता. त्या चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बस, बाळ. हे बघ, पूल कुठेतरी रिकामा करावाच लागतो. आणि लोकांना तरी काय हवं असतं? कुणीतरी आपलं ऐकलं एवढंच समाधान. ते तू दिलंस. चार महिन्यांत फाटकावर एक माणूस आलेला नाही. इतकं इफेक्टिव्ह ग्रीटिंग कंपनीलाही लिहिता आलं नसतं." मग ड्रॉवरमधून कागद काढून माझ्यापुढे सरकवला. "मुठा गावाला आपली दुसरी साइट सुरू होतेय. तिथल्या गावासाठीही तूच बोल."

कागदावर माझीच वाक्यं होती. "मी रिह्याचीच हाय" मधलं रिहे खोडून तिथे मुठा लिहिलं होतं. म्हणजे मी आता मुठ्याचीही होणार होते. जिथे जिथे यांचा पाइप जाईल, त्या त्या गावची मी लेक.

"नाही," मी म्हटलं.

"विचार कर."

"केला. न्हाई."

मॅडमसमोर आयुष्यात पहिल्यांदा मी माझं 'न्हाई' तसंच ठेवलं. तीन वर्षं ते गिळत होते.

सणावारी ग्रीटिंग बदलायचं काम माझ्याकडेच असे, म्हणून कोड मला ठाऊक होता. खाली आले. रिसेप्शनचा फोन उचलला. पाच नंबर उघडला आणि लिहून न घेता बोलले.

"हे यंत्र हाय. ह्या आवाजामागं कुनी बसलेलं न्हाई. तुमचा निरोप कुटंच जात न्हाई, आजवर एकबी गेला न्हाई. ह्यापुढं फोन करू नका. सवता फाटकावर या."

ते दोन तास चाललं. मग त्यांनी काढून टाकलं. तोवर मी माझा डबा आणि छत्री घेऊन बाहेर पडले होते.

काकीकडे गेले. सगळं सांगितलं, टाळीपासून कागदापर्यंत. मला वाटलं होतं ती जवळ घेईल. तिने घेतलं नाही. म्हणाली, "तुला फसवलं, खरं हाय. पन मला तुजा आवाज आला." आणि उरलेलं रोप लावणीसाठी उपटायला वाकली. मीही शेजारी वाकले. तिने जा म्हटलं नाही, बसही म्हटलं नाही.

ग्रामसभेत मी उभी राहिले. कुणाच्या नावामागे न लपता सांगितलं की तो आवाज माझा होता आणि निरोप कुणीही ऐकत नव्हतं. मागून एक जण ओरडला, "तवा फोनवर मिरवाया ग्वाड लागलं व्हय?" मी म्हटलं, "व्हय, लागलं." सभेत कुणी हसलं नाही. पाइप काढण्याचा ठराव झाला. ठराव रिसॉर्टवर गेला, आणि पुढे काही झालं नाही.

म्हणून गेल्या सोमवारी सकाळी मी एकटी बांधावर गेले. दगड घातले, वर चिखल थापला, आणि पाइपाचं तोंड बुजवून तिथेच बसले. आत पाणी तुंबलं. तासाभराने मोबाइल वाजला. मॅडम होत्या.

"बाळ, हा काय पोरकटपणा? ये ऑफिसात, एसीत बसून बोलू."

"तुमी या," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या आल्या नाहीत. वॉचमन आला, लांबूनच बघून गेला. तोही गावचाच. दुपारी पाइप आतूनच बंद केल्याचा आवाज आला. एक सोमवार टळला. पुढच्याला ते पोलीस आणतील, नाहीतर मला पौडपर्यंत कुठे काम मिळणार नाही अशी व्यवस्था करतील. करू देत. पाइप उखडून निघेपर्यंत दर सोमवारी मी त्या बांधावर बसणार आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनी तिथे यावं, चिखलात पाय घालून, आणि काकीच्या तोंडाकडे बघून बोलावं.