चांदभाईंची जुनी सेटिंगं

"म्हणजे भर कीर्तनात पुन्हा बंद पडेपर्यंत थांबायचं का, अब्बा?" सनानं तिसऱ्यांदा विचारलं.

चांदभाईंनी मिक्सरवरचा हात काढला नाही. भोसरीच्या त्यांच्या दोन खोल्यांत, कार्यक्रमांचा आवाज सांभाळणारा हा दहा वर्षांचा डिजिटल मिक्सर दिवाणावर पाहुण्यासारखा बसलेला असायचा. चऱ्होलीला सोपानरावांच्या मंडळात दर शनिवारी कीर्तन, साऊंड चांदभाईंचा. गेल्या शनिवारी मिक्सर दोनदा गोठला आणि महाराजांचे नुसतेच ओठ हलत राहिले. नवं सॉफ्टवेअर घातलं की सुधारेल, असं सनाचं म्हणणं. वाकडच्या कंपनीत ती दिवसभर असलीच कामं करायची. आज घरून काम होतं. चांदभाईंचं एकच पालुपद, आतली सेटिंगं पुसली गेली तर? तिनं ती पेन ड्राइव्हवर काढून घेतली होती, पण जुनी फाइल नव्यात चालेलच, असं काही ती छातीठोक सांगेना.

ओट्याशी सनाची आई खैरुन्निसा मेथी निवडत होती. त्या सेटिंगांत काय आहे, हे तिलाच ठाऊक. कोणत्या महाराजांचा खर्ज किती उतरवायचा, कुणाचा माइक कुठं शिट्टी मारतो, सगळं चांदभाईंनी कान शाबूत असताना बसवून ठेवलेलं. आता बारीक, टोकदार आवाज त्यांना येतच नव्हते. कुकरची शिट्टी ऐकू आली नाही की ते रबराला दोष देत, आणि तिनं मुकाट्यानं दोनदा रबर बदलून आणलं होतं. कार्यक्रमात ते जुनं सेटिंग लावून बोटही न हलवता बसत. लोक म्हणत, चांदभाईंचा हात काय स्थिर आहे. ऐकू न येणाऱ्या साऊंडवाल्याला कोण बोलावणार, म्हणून तिनं हे सनालाही सांगितलं नव्हतं.

"कर बाई," शेवटी चांदभाई म्हणाले. "पण मधेच बंद पडला तर कायमचा गेला समज."

पडद्यावरची पट्टी सावकाश भरू लागली. निम्म्यावर आली आणि वीज गेली. आज गुरुवार, दुरुस्तीसाठी वीज जाण्याचा वार. भांडणाच्या भरात तिघांच्याही ध्यानात राहिलं नव्हतं. मिक्सर यूपीएसच्या बॅटरीवर तगला. थोड्याच वेळात यूपीएस टीं टीं करू लागला.

"अब्बा, बॅटरी किती वेळ पुरेल?"

"ओरडायला लागला की पाच मिनिटं. अजून कुठं ओरडतोय?"

यूपीएस त्यांच्या गुडघ्याला टेकला होता.

सनानं आईकडं पाहिलं. खैरुन्निसानं मान खाली घातली. टीं टीं भराभर येऊ लागली, तेवढ्यात कशीबशी पट्टी भरली. पडदा काळा झाला, पुन्हा उजळला. सेटिंगांच्या यादीत एकही नाव नव्हतं. जुनी फाइल मिक्सरनं दोनदा नाकारली. बॅटरी संपायच्या आत सनानं तो घाईनं बंद केला.

चांदभाईंचं लक्ष खाली गेलं. यूपीएसचा लाल दिवा लुकलुकत होता, म्हणजे तो केव्हाचा ओरडत होता. ते त्याच्याकडं बघत राहिले, मग दोघींच्या तोंडांकडं. खैरुन्निसा काहीतरी सावरून घ्यायला उठली, तोच ते म्हणाले,

"शनिवारी मिक्सरवर सना बसेल. आवाज तिच्या कानानं लागतील. मी केबल ओढीन. सोपानरावांना मीच सांगतो."