सात चोक

जगातली कुठलीही वस्तू टाकून देण्यालायक नसते, फक्त तिला योग्य ती इयत्ता सापडलेली नसते, असं मनापासून मानणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली, आणि माझं नशीब असं की ती नेमकी माझ्या वर्गाच्या भिंतीपलीकडे शिकवायला होती. मी तिसरी अ, त्या तिसरी ब. मधली भिंत वीटभर जाडीची. त्यामुळे पलीकडे काय चाललंय हे मला दिसत नसलं तरी ऐकू सगळंच यायचं, आणि जे ऐकू यायचं ते शिक्षण असेल असं कुणाही शहाण्या माणसाला वाटलं नसतं.

बाई राहायच्या भिवंडीतल्या निजामपुऱ्यात. तिथून चालत धामणकर नाक्याला, आणि नाक्यावरून शेअर रिक्षानं राहनाळच्या बाजूला आमच्या शाळेत. या एवढ्या प्रवासात त्यांच्या हाताला काहीतरी लागायचंच. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यातून फेकलेल्या बॉबिनी, सुताचे गुंते, गोडाऊनबाहेर पडलेली खोकी, एकदा तर बंद पडलेल्या पंख्याची जाळी. कारखान्याच्या दारात उभं राहून "भाईसाब, वो फेकना मत हां, मेरे बच्चों को लगता है" असं त्या इतक्या हक्कानं सांगायच्या, की नव्यानं आलेला लूमवाला बिचारा बाईंना मुलं किती, याचा हिशेब करत बसायचा. रिक्षात त्यांच्या शेजारी खोकं बसायचं. एकदा रिक्षावाल्यानं विचारलंच, "बाई, खोक्यात हाय काय?"

"काही नाही. रिकामं आहे."

"मग सीटवर कशाला? मागं टाका की."

"चेपेल ना! उद्या त्याचं घड्याळ होणार आहे."

त्यावर तो पठ्ठ्या धक्के चुकवत हळूहळू चालवायला लागला, आणि मला शाळेला पोचायला उशीर झाला. मी त्याच रिक्षात होतो.

घड्याळाचं पुढे काय झालं तेही सांगतो. खोक्याच्या झाकणाची तबकडी, बॉबिनीचे काटे. बाईंनी मुलांना विचारलं, दिवसाचे तास किती? अख्ख्या वर्गानं एका सुरात उत्तर दिलं, "दोन शिफ्ट!" माझ्या वर्गात कुणी असं बोललं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. बाईंनी "बरोबर!" म्हणून तबकडीवर आठपासून आठपर्यंत लाल रेघ ओढली आणि वडील डे शिफ्टला असलेली मुलं एका बाजूला, नाइटवाली दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करून बसवली. मग ड्युटी कधी लागते, बाबा जेवतात कधी, झोपतात कधी, यावरून जो काही कल्ला उसळला तो मी पाऊण तास ऐकला. शेवटी न राहवून दारात गेलो आणि म्हणालो, "बाई, ही शाळा आहे की कारखाना?"

"भिवंडी आहे, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. "इथं आवाज बंद पडला की लोक घाबरून बाहेर येतात."

बाईंचा सगळ्यात गाजलेला पराक्रम म्हणजे मापन. मुलांना दोऱ्या देऊन त्यांनी शाळेत मोकळं सोडलं, वितीनं मोजा म्हणाल्या. मुलांनी दारं मोजली, फळे मोजले, नळ मोजला, आणि मोजण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आमच्या हेडमास्तरांना गाठलं. ते भले गृहस्थ, पोरांच्या हौसेखातर हात वर करून उभे राहिले. तर एक कार्टी म्हणते, "गुरुजी, श्वास सोडा, माप खोटं येतं." दुसऱ्या दिवशी वर्गाबाहेर तक्ता लागला: पाण्याची बादली, घेर सहा विती. हेडमास्तर, घेर सात विती चार बोटं. हेडमास्तरांनी तक्ता दोनदा वाचला आणि तसाच राहू दिला. पण त्या दिवसापासून त्यांचा शर्ट पँटच्या बाहेर आला तो कायमचा.

आता माझ्याबद्दल. मी पाढेवाला माणूस. दोन ते तीस पाढे घोकून घेणं, तेही चालीवर, ही माझी ख्याती होती आणि मला तिचा गर्व होता. बाईंच्या वर्गात पाढा नावाचा प्रकारच नव्हता. पुठ्ठ्याला खाचा पाडून त्या मुलांना सूत ओवायला लावायच्या: उभे चार ताणे, आडवे सात बाणे, आणि सूत सुताला जिथं ओलांडतं तिथं एक फुली. फुल्या मोजा, झाला गुणाकार. घरोघरी लूम, त्यामुळे ताणा-बाणा त्या पोरांना आईच्या हाकेइतका ओळखीचा. पण मोजत बसायचं म्हणजे वेळ लागणार, आणि अधिकाऱ्यांना वेळ नसतो.

दिवाळीनंतर शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला येणार असं ठरलं. हेडमास्तरांनी बाईंना बोलावून माझ्यादेखत सांगितलं, की ब तुकडीला पाढे आले नाहीत तर ती तुकडी या सरांकडे जाईल, तुम्ही पहिली घ्या. बाईंचा चेहरा पडला. ही पोरं त्यांनी पहिलीपासून वर आणली होती. चौथीपर्यंत नेऊन सोडायची हा एकच हट्ट होता त्यांचा. मी मनातल्या मनात दोन्ही तुकड्यांची चाल बसवायलाही घेतली होती, हे आज कबूल करतो.

साहेब आले. माझ्या वर्गानं सतराचा पाढा असा म्हटला की साहेबांनी पायानं ताल धरला. मग ब तुकडी. आम्ही सगळे मागोमाग. साहेबांनी पहिल्याच बाकावरच्या दर्शनाला उठवलं. ही खाडीकाठची पोर, वडील मासेमारी करणारे. बोलायला लागली की थांबायची नाही.

"सांग बेटा, सात चोक?"

दर्शना उभी राहिली, जरा घोटाळली, मग तरातरा टेबलाकडे गेली. डबा उघडला, मोजून सात खडू काढले आणि साहेबांच्या पुढ्यात ओळीनं ठेवले. आमच्याकडची पोरं खडूला चोकच म्हणायची. इंग्रजी चॉक, मराठी जीभ आणि घाई यांच्या मिश्रणातून तो शब्द तयार झाला होता. सात चोक अठ्ठावीस हे त्या वर्गानं जन्मात म्हटलेलं नव्हतं; माझ्या वर्गाकडून भिंतीपलीकडे गेली असेल ती नुसती चाल.

मी हसलो. सगळेच हसलो. साहेब मात्र नाही.

"बाई, हे काय?"

"साहेब, सात मागितलेत, सात आणले," बाई म्हणाल्या. "तिला चार ताणे, सात बाणे विचारा. लगेच सांगेल."

"मी विणकर आहे का?" साहेब म्हणाले, आणि शेरेबुकात लिहिलं: मुलांना पाढे येत नाहीत.

तुकडी माझ्याकडे आली. बाई पहिलीच्या वर्गात गेल्या, आवारातल्या पार दुसऱ्या टोकाला. जाताना पुठ्ठे कपाटात रचून ठेवले आणि मला म्हणाल्या, "लागले तर घ्या हं, सर." मला लागणार नव्हतेच. फेब्रुवारीपर्यंत ब तुकडी खणखणीत पाढे म्हणायला लागली. एकदा दर्शना सात चोक अठ्ठावीस म्हणून झाल्यावर उभीच राहिली.

"गुरुजी, अठ्ठावीस काय?"

"काय म्हणजे? अठ्ठावीस. बस खाली."

ती बसली. मी पुढचा पाढा घेतला. पण ते डोक्यातून जाईना. चार-आठ दिवसांनी मधल्या सुट्टीत मी पहिलीच्या वर्गात गेलो. बाई जमिनीवर बसून पोरांबरोबर चिंचोके वेगळे करत होत्या. दर्शनाचा प्रश्न त्यांना सांगितला.

बाई हसल्या. "अहो, माझ्याकडे नुसता आकडा चालायचा नाही. कशाचे ते सांगितल्याशिवाय मी उत्तर धरायचीच नाही. कुणी बटणं म्हणायचं, कुणी तारे. दर्शनाच्या कायम कोळंब्या. चार ताणे सात बाणे म्हटलं की, अठ्ठावीस कोळंब्या, बाई, आईनं निवडून ठेवल्यात!" मग हातातले चिंचोके खाली ठेवून म्हणाल्या, "बरी आहे ना ती?"

बरी आहे म्हणालो, आणि मला लाज वाटली. बाईंपुढे, आणि त्या पोरीपुढेही. घंटा झाली तसा वर्गात आलो. कपाटातून एक पुठ्ठा काढला, त्यावरची धूळ झटकली, दर्शनाला जवळ बोलावलं आणि जमेल तितक्या मायेनं विचारलं, "सात चोक किती गं?"

"अठ्ठावीस."

"अठ्ठावीस काय?"

तिनं पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हाताची घडी घालून, मी शिकवली होती तशी ताठ उभी राहिली.

"काय न्हाय, गुरुजी. नुसतेच अठ्ठावीस."