एरंडेल पाजलेला ऑक्टोपॅड आन् कर्जत ते सावेडी

"वहिनी, नगरला येता का? एस्टीत बाजा धरायला कुनीतरी पायजे," भावजी म्हनले. मी लगीच पातळ बदललं. फिरायला मिळतंय म्हनल्यावर मी न्हाई कशाला म्हनते.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. भावजी म्हंजे आमच्या मालकांचे धाकटे भाऊ, किसन. मालक जाऊन तीन वर्सं झालती. भावजी लग्नात वाजवनाऱ्या बँड-पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचे. जुना, दुसऱ्याचा वापरलेला. वर आठ रबरी चौकोन, त्यावर काठ्या मारायच्या. त्यातले दोन चौकोन फुगून चिकट झालते, आवाजच न्हाई. आन् परवा लगीन. बाजा बोलला न्हाई तर पार्टीवाला दुसरा गडी घेनार हुता.

कर्जतहून सकाळची गाडी धरा आन् डावीकडं बसा, उजवीकडनं ऊन लई लागतं. मिरजगावला गाडी थांबती, तिथली भजी गरम असली तरच घ्या. भजी खाताना मी सगळ्या गाडीला आयकू जाईल आसं म्हनलं, "भावजी, तुमचा हातच लई घामट. करवल्या बघून घाम फुटतो, रबर फुगनार न्हाई तर काय हुईल?" बाया फिदीफिदी हासल्या. भावजी नुसते भजी खात बसले.

नगरच्या स्टँडवरनं रिक्षानं सावेडी. तिथं शमुवेलकाका एका बंगल्याच्या व्हरांड्यात चर्चचा पेटी-बाजा आन् असले इजेचे बाजे दुरुस्त करायचे. त्यांनी पॅड नाकाशी धरला.

"एरंडेल. कुनी लावलं हे?"

मीच चोळलं हुतं. पॅड माझ्या खोलीत असायचा, दोन चौकोनांचं रबर सुकून पांढरं पडलेलं दिसलं. मालक हलगीच्या चामड्याला एरंडेल चोळायचे, मग मी बी तसंच केलं, वर उनात ठिवलं.

"मीच लावलं काका," भावजी म्हनले.

"आरं, हे रबर हाय, चामडं न्हाई. तेल पिलं की ते मेलं."

काकांनी फुगलेलं रबर सोलून काढलं. खालचा टिकलीएवढा सेन्सर शाबूत हुता. चिकटा पुसला, नवं रबर मापानं कापून सोल्युशननं चिटकवलं, वर वजन ठिवलं. बाकीच्या सहा चौकोनांना नुसतं साबनाचं पानी आन् मऊ फडकं. तुमचा जुना बाजा असंल तर एवढंच करा. ते वाळंस्तवर मी व्हरांड्याच्या पायरीवर मान खाली घालून बसले.

परतीच्या गाडीत इचारलं, "तुमाला ठावं हुतं?"

"पयल्याच दिवशी. वास यीत हुता."

"मग गाडीत बोलला का न्हाई?"

"बाया हासत हुत्या. तुमाला पन किती दिसांनी हासताना बघितलं."

चुकलं म्हनायला माझं तोंड उघडलं न्हाई. चेष्टेला बरं उघडतं. लग्नात बाजा चांगला वाजला, भावजींची जागा ऱ्हायली. मांडवातनं घरी आल्यावर त्यांनी पॅड पुन्यांदा माझ्याच खोलीत आनून ठिवला. कुलूप लावून स्वतःकडं ठिवला असता तर मला बरं वाटलं असतं.