टाकीकडची रिंग

सामना जिंकून घरी आलेला माणूस जसा दिसायला हवा, तसे बिरादार सर अजिबात दिसत नव्हते. गळ्यात झेंडूची माळ होती, शर्टावर गुलाल होता आणि चेहरा मात्र देवळाबाहेरून नवी चप्पल चोरीला गेल्यासारखा. त्यांच्या बायकोनं, सुजाताबाईंनी, दार उघडलं, आधी माळेकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे.

"हरलो तरी फुलं घालायलेत का आता आपल्या मंडळात?"

"जिंकलो," सर म्हणाले.

"मग हसा की जरा. समोरचे बघायलेत."

सर हसले. ते हसू पाहून सुजाताबाईंनी दार लावून घेतलं.

श्रीकांत बिरादार दिवसा आबिड्सच्या एका विमा कचेरीत लोकांना मरणाची भीती घालतात आणि सकाळ-संध्याकाळ काचीगुड्यात मुलींना हरण्याची. आजोबा भालकीकडची शेती सोडून हैदराबादला आले, वडील नोकरीत चिकटले आणि श्रीकांतनं कॉलेजात असताना बास्केटबॉल धरला. उंची बेताची असल्यामुळे हा खेळ त्यांनी कायम खालून पाहिला. उंच माणसं काय चुका करतात ते खालून फार स्वच्छ दिसतं, असं ते स्वतःच सांगतात. या एका भांडवलावर ते गेली अनेक वर्षं मंडळाच्या मुलींचे कोच आहेत. मानधन म्हणून त्यांना शिट्टी मिळते, आणि ती हरवली की दुसरी.

मंडळाचं मैदान स्टेशनच्या मागे. सिमेंटचं. एका टोकाला रेल्वेची भिंत, दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी. म्हणून एक स्टेशनकडची रिंग आणि एक टाकीकडची. दर गणेशोत्सवात मांडववाला आपले दोर या दोन खांबांना बांधतो, आणि गणपती गेले की बोर्ड आणखी थोडे सैल झालेले असतात. होता होता दोन्ही बोर्ड सहा वर्षांच्या पोराच्या दातासारखे हलायला लागले आणि रिंगा डावीकडे कलल्या. उजव्या वरच्या कोपऱ्यात गंजाचा एकेक डाग पडला.

दुसरा कुणी असता तर तक्रार करता. सरांनी संशोधन केलं. त्या गंजावर चेंडू बसला की सैल बोर्ड त्याचा सगळा जोर पिऊन टाकतो आणि चेंडू दमलेल्या पाहुण्यासारखा हळूच रिंगमध्ये उतरतो, हा शोध त्यांना एका संध्याकाळी लागला. त्या दिवसापासून त्यांचं सगळं शास्त्र दोन शब्दांत आलं: "गंजावर मार." मुली मारायच्या. चेंडू खडखडत आत जायचा. बाहेरून आलेले संघ बिचारे पुस्तकात लिहिल्याप्रमाणे नेम धरायचे आणि हरून जायचे. घरच्या मैदानावर मंडळाचा संघ हरल्याचं कुणाला आठवत नाही. बाहेर गेलं की मात्र सरांना पंच वाईट भेटत, ऊन नेमकं डोळ्यावर येई आणि जमीन घसरडी असे.

मंडळाचे अध्यक्ष एकनाथराव दर वर्षी विचारायचे, "श्रीकांतराव, बोर्ड बदलून टाकू का?" त्यांचं भांड्यांचं दुकान आहे. पोचा आलेली वस्तू त्यांना बघवत नाही.

"नक्को," सर म्हणायचे. "कशाला मंडळावर बोजा."

एवढा निःस्वार्थी कोच मिळाल्याबद्दल एकनाथराव चार लोकांत त्यांचं कौतुक करायचे. सर मान खाली घालून ऐकायचे. तेवढी लाज त्यांना होती.

यंदा गटातले बहुतेक सामने घरीच पडले आणि संघ थेट बाद फेरीत गेला. उपांत्य सामनाही चिठ्ठीत घरी आला. एकनाथरावांना इतका आनंद झाला की त्यांनी कुणालाही न विचारता एक चांगलं काम केलं.

सामन्याच्या दुपारी सर मैदानात शिरले आणि जागच्या जागी थांबले. स्टेशनकडचा बोर्ड पांढराशुभ्र होता. रिंग भगवी, सरळ, आणि तिला चक्क जाळी. सरांनी खांब हलवून पाहिला. खांब हलला नाही.

"एकनाथराव, हे काय केलात?"

"नवं बसवलो," एकनाथराव म्हणाले. "तुम्ही मागत नाही म्हणून मंडळानं काय बघत बसायचं? पाहुणे येणार, फोटो निघणार."

"आणि टाकीकडचं?"

"फिटर मेव्हण्याच्या लग्नाला जहीराबादला गेला. उद्या येतो म्हणला. तुम्ही परेशान होऊ नका, एक तर झालं की."

चोरानं मोडतोड केली असती तर सरांना ओरडता आलं असतं. प्रेमानं केलेल्या नुकसानीला काय करायचं? त्यांनी आभार मानले.

पंचांनी दोन्ही रिंगा पाहिल्या, थोडा वेळ डोकं खाजवलं आणि म्हणाले, की अर्ध्या सामन्यानंतर टोकं बदलतातच, तेव्हा दोघांनाही दोन्ही भोगू द्या.

पहिल्या अर्ध्यात नवी रिंग सरांच्या मुलींच्या वाट्याला आली. त्यांनी सवयीनं उजव्या कोपऱ्यात चेंडू ठोकले. ताठ बोर्डावरून ते असे उसळले की एक पहिल्या रांगेत बसलेल्या पाहुण्यांच्या चहात गेला. पलीकडे सिकंदराबादच्या मुली टाकीकडच्या रिंगवर सुंदर नेम धरत होत्या, आणि ती कललेली रिंग त्यांचे चेंडू डाव्या अंगानं ओघळून टाकत होती. दोन्ही संघ इतके चुकत होते की गुणफलकावरचा मुलगा झोपला. मध्यंतराला सोळा-अकरा, सिकंदराबादकडे आघाडी.

टोकं बदलली. सर मुलींना जवळ घेऊन फक्त एवढंच म्हणाले, "चला, घरी आलो."

मग खरा सामना झाला. मुली गंजावर मारत होत्या, टाकीकडचा बोर्ड खडखडत होता, चेंडू आत उतरत होते. पण आता सिकंदराबादला सरळ रिंग मिळाली होती, आणि त्या पोरी खरोखर चांगल्या होत्या. इकडे दोन, तिकडे दोन. सरांनी शिट्टीची दोरी चावून चावून तिचा काकडा केला. शेवटचे काही क्षण राहिले तेव्हा त्रेचाळीस-बेचाळीस, सिकंदराबाद एकानं पुढे. कर्णधार त्रिवेणी चेंडू घेऊन उजवीकडून निघाली. ही अंबरपेठेची उंच, कमी बोलणारी पोरगी. सर जिवाच्या आकांतानं "गंज" म्हणून ओरडले, पण नेमकी तेव्हाच भिंतीपलीकडून गाडी फलाटावर येत असल्याची घोषणा सुरू झाली, तेलुगूतून, हिंदीतून आणि इंग्रजीतून. त्रिवेणीनं चेंडू सोडला. बोर्ड थरथरला. चेंडू रिंगच्या काठावर बसला, डावीकडे कलला आणि जरा विचार करून आत पडला.

चव्वेचाळीस-त्रेचाळीस. गुलाल उधळला गेला. एकनाथरावांनी पाहुण्यांसाठी आणलेली माळ सरांच्या गळ्यात घातली.

आणि मग सिकंदराबादच्या कोच पद्मावती मॅडम हात मिळवायला आल्या. रागावलेल्या नव्हत्या. चांगल्या हसत होत्या.

"बहुत अच्छा खेले सर आपके बच्चे," त्या म्हणाल्या. "और बोर्ड तो उनसे भी अच्छा खेला."

तिथून सरांचा चेहरा उतरला होता, तो घरी येईपर्यंत तसाच.

"खोटं काय बोलल्या मग?" सगळं ऐकून झाल्यावर सुजाताबाई म्हणाल्या. ताटात भाजी वाढताना त्यांच्या आवाजात दया अशी नव्हतीच.

"म्हणजे माझ्या पोरींना येत नाही काही?"

"ते मला काय विचारता? मी स्वयंपाक करते. पण एकाच चुलीवर जिची पोळी फुगते, तिला मी सुगरण नाही म्हणत."

"रविवारी फायनल आहे. बंद स्टेडियममध्ये. काचेचा बोर्ड."

"काचेला गंज येत नाही ना?"

सर जेवले नाहीत, म्हणजे दोनच पोळ्या खाल्ल्या. खरी ठेच पोरींपेक्षा त्यांना स्वतःला लागली होती. इतकी वर्षं आपण बास्केटबॉल शिकवत होतो, की मांडववाल्याच्या दोराचं खात होतो?

"टाकीकडचा बोर्ड पण घट्ट करून टाका की," सुजाताबाई शेवटी म्हणाल्या. "रविवारपर्यंत दोन दिवस सरळ बोर्डावर मारू देत पोरींना."

"आणि नाही जमलं तर?"

"तर कळेल. आत्ता तरी काय झोप लागायलीय तुम्हाला?"

दुसऱ्या दिवशी आबिड्सच्या कचेरीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. साहेबांनी तर शेवटच्या चालीबद्दल विचारलं. "आधीच आखून ठेवलं होतं का बिरादार?" सर म्हणाले, "हौ, सात-आठ वर्षं आधी." साहेबांना तो विनय वाटला.

संध्याकाळी ते एकनाथरावांना शोधत मैदानावर गेले. एकनाथराव टाकीकडच्या खांबाला हळद-कुंकू लावत होते. रिंगला झेंडूचा हार होता, खाली नारळ फोडलेला, आणि बोर्डाच्या चौकटीत अगरबत्ती खोचलेली.

"एकनाथराव, फिटर आला का?"

"आला आणि गेला. मीच परत पाठवलो."

"अहो पण हा बोर्ड घट्ट करायचा आहे."

एकनाथरावांनी अशा नजरेनं पाहिलं, की जणू सरांनी देवळाचा कळस विकायला काढला. "इतकी वर्षं तुम्ही नक्को म्हणलात. आता कळलं मला का ते. तुम्ही ओळखला होतात या बोर्डाला. मंडळानं ठरवलंय, याला हात लावायचा नाही."

"सामना पोरी जिंकल्या, एकनाथराव."

"पोरी तर आहेतच हो," एकनाथराव मोठ्या मनानं म्हणाले आणि प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या हातावर ठेवला.

पुन्हा तेच म्हणणं. आधी परक्या माणसानं म्हटलं होतं, आता आपल्याच. सरांनी खोबरं चावलं आणि मनाशी काही ठरवलं.

शनिवारी उजाडताच ते पायजम्याच्या एका खिशात पाना आणि दुसऱ्यात तेलाची बाटली घालून, डोक्यावर स्टूल घेऊन मैदानाकडे निघाले. शिक्षण घेतलेला, विमा विकणारा, पन्नाशी ओलांडलेला माणूस देव झालेल्या बोर्डाचे नट आवळायला चालला होता. स्टूलखालून त्यांना कुणी ओळखलं नाही, एवढंच बरं.

मैदानात आधीच चेंडूचा आवाज येत होता. मुली आलेल्या होत्या. हार घातलेल्या रिंगकडे एकीचंही लक्ष नव्हतं. सगळ्या स्टेशनकडच्या नव्या बोर्डासमोर उभ्या होत्या आणि एकामागून एक चुकत होत्या.

सरांनी स्टूल खाली ठेवलं. "इकडं काय करायलात?"

"त्या मॅडम बोलल्या ते मी ऐकले सर," त्रिवेणी म्हणाली. तिचा चेहरा घामानं आणि रागानं लाल झाला होता. "काल तुम्ही एकनाथकाकांकडून गेलात ना, तेव्हापासून इकडंच मारायलोय. अंधार होईपर्यंत मारलो. येत नाही."

"एक पण गेला नाही?"

"दोन गेले. ते कसे गेले कळलं नाही." तिनं चेंडू काखेत धरला आणि साध्या आवाजात विचारलं, "इथं कुठं मारायचं सर? इथं गंज नाही."

सरांनी बोर्डाकडे पाहिलं. पांढरा, कोरा, मध्ये एक काळा चौकोन. तिथे त्यांच्या ओळखीचं काहीच नव्हतं. "गंजावर मार" याच्यापुढे आपण पोरींना काय शिकवलं ते आठवून पाहिलं, तर फारसं निघेना. मग त्याहून जुनं, कॉलेजातलं, त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांत दडून बसलेलं काहीतरी वर आलं.

"बोर्ड सोड," ते म्हणाले. "बोर्डाकडं बघूच नको. रिंगच्या पुढच्या कडीकडं बघ. गुडघ्यात वाक. कोपर आत घे. अजून आत. कोपर आहे का कोंबडीचा पंख? आता ठोकू नको. हल्लू सोड, मनगटातून."

पहिला चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. दुसरा कडीला लागून रेल्वेच्या भिंतीवर गेला. सर कोपर धरायला पुढे झाले, ते उंचीला पुरेनात, म्हणून स्टूलवर चढून तिचा हात धरू लागले. बाकीच्या मुली हसल्या. सरांनी त्यांनाही रांगेत लावलं. एकीचे गुडघे, दुसरीचं मनगट, तिसरी डोळे मिटून मारते हे तर त्यांना आजच कळलं. इतके दिवस तिचे चेंडू बोर्डानं सांभाळून घेतले होते. घसा बसेपर्यंत ते बोलत राहिले. पाना खिशातून कधी पडला ते त्यांच्या लक्षात आलं नाही. सकाळची अगरबत्ती लावायला आलेल्या एकनाथरावांनी तो उचलला, काय आहे ते ओळखलं आणि हळूच स्वतःच्या खिशात टाकला.

सर खाली वाकून चौथ्या मुलीचे पाय सरळ करत होते, तेव्हा पाठीमागे काहीतरी मऊ आवाज झाला. रेशमी साडी घडीतून सुटावी तसा. खडखड नाही, ठोका नाही. सर चमकून वळले. त्यांना वाटलं, कुणाचा कपडा फाटला.

"हे काय वाजलं?"

"जाळी, सर," त्रिवेणी म्हणाली. चेंडू रिंगखाली टप्पे घेत होता आणि ती आपल्याच मनगटाकडे बघत होती. "नव्या रिंगसोबत आलीय. चेंडू कुठंच न लागता मधोमध गेला, की वाजती."

या मैदानावर हा आवाज सरांनी कधी ऐकलाच नव्हता; सामन्यात तो आरडाओरड्यात बुडून गेला होता. ते स्टूलवर बसले. रविवारला अजून एक अख्खा दिवस होता.

"परत वाजव," ते म्हणाले.