अक्काला पसंत पडेल असं जाळीचं दार

दारं बसवणाऱ्याकडे किस्से लोखंडाच्या चुऱ्यासारखे साठतात. रोज झाडून टाका, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात पुन्हा तेवढेच! कुंभकोणमला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. मी आणि माझा मदतनीस मुरुगेसन, दोघंच. शाळा पाचवीला सुटली, तेव्हापासून हातात लोखंड. गोड बोलता येत नाही, तरी गिऱ्हाईक येतं.

या वर्षी गिऱ्हाईक म्हणून माझी सख्खी अक्काच आली. वय अठ्ठ्याहत्तर, घरात एकटी. तिच्या गल्लीत चोऱ्या झाल्या, तसा तिच्या मुलाचा, रघूचा, बेंगळूरहून फोन. "मामा, दिवाळीला येतो. तोवर मजबूत सेफ्टी डोअर बसलं तर ठीक. नाही तर अम्माला इकडे घेऊन येतो, कायमची!"

अक्का म्हणाली, "सातव्या मजल्यावर बसून मी काय बघू? ढग?"

"मग दार निवड."

"निवडते. पण जेल नको!"

*

मजबूत म्हटलं की मला आमचे रिटायर्ड हेडमास्तर आठवतात. "असं दार कर, की तुलासुद्धा फोडता येऊ नये!" केलं. चौथ्या दिवशी किल्ली आत आणि मास्तर बाहेर. ओढलं की आपोआप लागणारं लॉक त्यांनीच मागितलं होतं!

मी कटर घेऊन गेलो. दोन तास ठिणग्या उडत होत्या. मास्तर घड्याळाकडे बघत उभे. मला वाटलं, आता शिव्या बसणार. दार सुटलं तसे ते शेजाऱ्यांकडे वळून म्हणाले, "बघितलंत? दोन तास! चोराला एवढी सवड असते?"

नवीन दार अगदी तसंच करून घेतलं.

*

अक्काचा पहिला प्रश्न मजबुतीचा नव्हताच. "माझा कोलम पुसणार नाही ना?"

कोलम म्हणजे दारापुढची रांगोळी. पहाटे ती काढल्याशिवाय आमच्याकडे दिवस उगवत नाही. अक्काने विचारलं, कारण पट्टीश्वरम गावातला माझा पराक्रम तिला ठाऊक होता. तिथल्या घराला ओटा नाही, दार थेट रस्त्यावर. डास आणि गोम येऊ नयेत म्हणून मी जाळीच्या दाराला खालून रबराची पट्टी लावली, आणि दार बाहेर उघडणारं. मोठी अक्कल लढवली!

दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईंनी कोलम काढला. नवरा ऑफिसला निघाला, दार ढकललं, आणि रबराने कोलम अर्धा चाटून नेला! आठ दिवसांनी मला बोलावणं आलं. नवरा हात जोडून म्हणाला, "अण्णा, काही तरी करा हो. आठ दिवस मी मागच्या भिंतीवरून उडी मारून ऑफिसला जातोय!"

रबर काढलं, दार दोन बोटं वर घेतलं. अक्काचंही तसंच ठरलं.

*

मग जाळीवाला आला. टाय लावलेला, बॅगेत सुरी. दुकानात फ्रेम उभी केली आणि जाळीवर खसाखसा सुरी चालवली. ओरखडासुद्धा नाही. "सार, स्टेनलेस स्टील! चोर रडत घरी जाईल. तुम्ही करून बघा."

मी सुरी घेतलीच नाही. गुडघा टेकवून रेटा दिला. अख्खी जाळी फ्रेममधून निघून पलीकडे पडली.

तो गडी खाली वाकला, जाळी उचलून निरखून बघितली आणि म्हणाला, "पण कापली नाही, सार!"

जाळी मी त्याचीच घेतली. खरंच चांगली होती. चारी बाजूंनी पट्टी लावून बोल्टने आवळायचं काम माझं मी केलं.

*

दार बघायला अक्का दुकानात आली ती घरची खुर्ची रिक्षात घालून! प्रत्येक दाराआड खुर्ची मांडून बसायची आणि मुरुगेसनला रस्त्यावरून चालायला लावायची. "आता चाल. आता हस. नाही, याच्यातून दात दिसत नाहीत. नापास!"

पाच दारं नापास झाली. सगळ्यांची मधली आडवी पट्टी बरोबर तिच्या डोळ्यांसमोर यायची. शेवटी मी टेप घेतला आणि खुर्चीत बसलेल्या अक्काच्या डोळ्यांची उंची मोजली. पट्टी त्या उंचीच्या खाली घेतली. मुरुगेसन पुन्हा चालला, पुन्हा हसला.

अक्का म्हणाली, "पास! पण तू दात घासत जा."

*

तेवढ्यावर थांबली असती तर अक्का कसली! "उत्सवात देवाची पालखी दारात येते. त्याला काय सांगू, थांब बाबा, किल्ली शोधते?"

म्हणून आरतीचं ताट जेमतेम आडवं जाईल एवढी छोटी खिडकी दारात ठेवली. रघू फोनवर किंचाळला, "मामा, त्यातून हात घालून कोणी लॉक काढलं तर?"

खिडकी मी लॉकपासून लांबच ठेवली होती. अक्काच्या घरी दार बसवल्यावर खात्री करायला बाहेरून मुरुगेसनने हात घातला. लॉकपर्यंत पोचला नाही, पण खांद्यापर्यंत अडकला. "अण्णा, ओढा! अय्यो, हळू!" मी तेल आणायला धावलो.

परत आलो तर अक्काने आत आलेल्या त्या हातावर चकलीसारखे दोन मुरुक्कू ठेवले होते.

*

दिवाळीच्या आदल्या दिवशी सकाळी रघू आला. बॅग ओट्यावर टाकली आणि दाराला भिडला. हलवलं, लाथ मारली, जाळीला खांदा लावला. दार ढिम्म. वर, मध्ये, खाली असे तीन बोल्ट एकाच किल्लीने लागतात, हे मी अभिमानाने सांगितलं.

"मामा, फर्स्ट क्लास! अम्मा, उघड."

अक्का आत खुर्चीत बसून बीन्स मोडत होती. "आधी सांग, मला नेणार नाहीस ना?"

"आत आल्यावर बोलू ना, अम्मा."

"आत आलास की माझी बॅग भरशील."

रघू माझ्याकडे वळला. "दुसरी किल्ली?"

"तीही तिच्याच कमरेला."

"बाहेरून उघडायचं काही तरी असेलच ना?"

"आहे. कटर. दोन तास."

रघू ओट्यावर बसला. थोड्या वेळाने दारातली खिडकी उघडली आणि वाफाळत्या कॉफीचा पितळी पेला बाहेर आला. रघूने घोट घेतला, तोंड वाकडं केलं.

"अम्मा, साखर नाही यात!"

"साखर आत आहे."

रघू उठला, जाळीला तोंड लावून हळूच काही तरी बोलला. मला ऐकू आलं नाही. बोल्ट मात्र ऐकू आले. तिन्ही एकदम!