पट्टीने ओढलेली रेघ

आमच्या मोठ्या मामाबद्दल गल्लीत एक बातमी पक्की आहे: हा माणूस रॉकेटवर चालणारं विमान उडवायचा आणि एकदा आभाळातून पडूनही जगला. कोपऱ्यावरचा न्हावी तर हे सांगताना वस्तऱ्यानेच विमान पाडून दाखवतो, तोंडाने शिटीसकट.

साफ थाप. मामाला शिडीवरसुद्धा गरगरतं. तो पडला खरा, पण खुर्चीत बसून, आणि हजारभर वेळा. त्याची नोकरी सिम्युलेटरवर होती: बिनखिडक्यांची खोली, लाकडी खुर्ची, समोर दांडी, चार काटे आणि कागदावर रेघोट्या ओढत जाणारं पेन. विमान आधी इथे खोटं खोटं उडवायचं, मग खरा वैमानिक वर जाणार. खरा वैमानिक म्हणजे मामीचा धाकटा भाऊ.

भानगड अशी, की भन्नाट वेगात वळवलं की विमान कोलांट्या खायचं, आणि सावरायला जावं तर आणखी खायचं. मामाने उपाय शोधला: दांडी सोडून द्यायची, विमान आपलं आपण सरळ होतं. खुर्चीत दर वेळी व्हायचं. पण शेपटी विमानाला किती धरून ठेवते, हे एका वेगापर्यंतच मोजलेलं होतं. त्यापुढची रेघ मामाने आलेखावर पट्टी लावून सरळ ओढली. खरी रेघ तिथून कोसळत जाते, हे नंतर कळलं.

त्याच रेघेच्या भरवशावर मेव्हण्याने त्या पुढच्या वेगात विमान वळवलं. रेडिओवर त्याचा शेवटचा शब्द आला, "सोडली."

चौकशीत मामाचं नावही निघालं नाही. निवृत्त झाल्यावर त्याने जुन्या कॉम्प्युटरवर तेच विमान पुन्हा बांधलं, आता खऱ्या रेघेसकट, आणि रोज सकाळी मेव्हण्याला वाचवायला बसतो. मामी ओरडते, चहा निवतोय. हा म्हणतो, आलोच, हे एवढं पडू दे.

मामीला रेघेचं माहीत नाही. परवा भाजी निवडता निवडता तिने विचारलं, "अहो, त्याने दांडी धरून ठेवली असती तर?"

मामा चष्मा पुसत बसला. काच स्वच्छच होती.

मामी भाजी घेऊन आत गेल्यावर मी म्हटलं, मामा, तुझी बोटं म्हातारी झालीत, माझी गेम खेळून तयार आहेत; शंभर डावांत दांडी धरून एकदा तरी सावरून दाखवते. पैज.

"जिंकलीस तर माझा उपाय चुकला," मामा म्हणाला. "हरलीस तर तिथे वळायलाच नको होतं, म्हणजे माझी रेघ चुकली. काहीही झालं तरी आज तिला सांगतो."

मी दांडी ओढली, ढकलली, उलटी मारली, नुसती घट्ट धरली. शंभरावा डाव अकरा सेकंद टिकला. हरले.

मामा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला. मामीची त्याच्याकडे पाठ होती. तो तिथे उभा राहिला, मग परत आला आणि खुर्ची ओढून बसला.

"आणखी शंभर लावतेस?"